सर्व्हर क्लस्टरमधील सामायिक साठवण : आखणीपासून चाचणीपर्यंत

सर्व्हर क्लस्टरसाठी (एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरांच्या गटासाठी) साठवणीची आखणी करताना चर्चा बहुतेक वेळा उत्पादनांच्या नावांपासून सुरू होते : सेफ घ्यावे की ग्लस्टर (डेटा अनेक सर्व्हरांवर वाटून ठेवणाऱ्या प्रणाली), साधे एनएफएस (नेटवर्कवरून फायली देणारा प्रोटोकॉल) पुरेल की सॅन (केवळ साठवणीसाठीचे स्वतंत्र नेटवर्क) लागेल. हा क्रम उलटा आहे. या क्षणी या डेटावर लिहिण्याचा हक्क कोणत्या नोडचा, म्हणजे क्लस्टरमधील कोणत्या सर्व्हरचा, आहे आणि तो नोड उत्तर देईनासा झाला तर त्याचा हक्क कोण, कसा व किती खात्रीने काढून घेणार, या प्रश्नावर सगळी रचना उभी असते. त्याचे उत्तर ठरले की उत्पादनांची यादी आपोआप आखूड होते.

पुढील विवेचनासाठी एक ठरावीक उदाहरण धरू. तीन लिनक्स नोडांचा क्लस्टर आहे. त्यावर एक डेटाबेस चालतो, जो एका वेळी एकाच नोडवर असतो. तिन्ही नोडांवर एक वेब ॲप्लिकेशन चालते आणि वापरकर्त्यांनी चढवलेल्या फायली तिन्ही नोडांना दिसाव्या लागतात. क्लस्टरचे व्यवस्थापन पेसमेकर (कोणती सेवा कोणत्या नोडवर चालवायची हे ठरवणारा) आणि कोरोसिंक (नोडांमधील संपर्क व मते सांभाळणारा) हे प्रोग्राम करतात.

पायरी १ : डेटाची वर्गवारी करावी

ज्या ज्या डिरेक्टऱ्या 'सामायिक हव्यात' असे कोणी म्हणते, त्या सर्वांची यादी करावी आणि प्रत्येकीसमोर चार गोष्टी लिहाव्यात : एकाच वेळी किती नोड तिच्यात लिहितात, फायली साधारण किती मोठ्या आणि किती संख्येने आहेत, सेवा किती सेकंद बंद राहिली तर चालेल आणि शेवटचे किती लेखन हरवले तर चालेल.

आपल्या उदाहरणात डेटाबेसला एकच लेखक आहे, परंतु एकही पूर्ण झालेला व्यवहार हरवून चालणार नाही. चढवलेल्या फायलींना तीन लेखक आहेत, मात्र एक फाइल सहसा एकाच नोडकडून एकदाच लिहिली जाते आणि नंतर फक्त वाचली जाते. ॲप्लिकेशनचा कोड आणि कॉन्फिगरेशन मात्र सामायिक डिस्कवर ठेवण्याचे काहीच कारण नाही. ते ॲन्सिबलसारख्या साधनाने प्रत्येक नोडच्या स्थानिक डिस्कवर उतरवावे. सेशनची माहितीसुद्धा फायलींत न ठेवता डेटाबेसमध्ये किंवा रेडिसमध्ये (मेमरीत डेटा ठेवणाऱ्या साठ्यात) ठेवावी. सामायिक साठवणीवर जितके कमी ठेवाल तितकी ती बिघडल्यावर होणारी पडझड कमी, आणि ही वर्गवारी नीट केली की यादीतील निम्म्या गोष्टी गळतात, असा माझा अनुभव आहे.

पायरी २ : रचनेचा प्रकार निवडावा

सर्वांत सोपा प्रकार म्हणजे सामायिक डिस्क, पण एका वेळी एकच मालक. स्टोरेज यंत्रणेतून सर्व्हरला दिलेला डिस्कचा तुकडा, ज्याला प्रशासक 'लन' म्हणतात, तो सर्व नोडांना दिसतो. परंतु त्यावरील एक्सएफएस किंवा ईएक्सटी४ फाइल सिस्टिम एकाच नोडवर माउंट केलेली (वापरासाठी जोडलेली) असते. तो नोड पडला की दुसरा ती माउंट करतो. डेटाबेससाठी हीच रचना योग्य आहे. सॅन उपलब्ध नसेल, तर दोन नोडांच्या स्थानिक डिस्का नेटवर्कवरून ब्लॉक (डिस्कचे ठरावीक आकाराचे लहान भाग) पातळीवर एकसारख्या ठेवणारे डीआरबीडी वापरता येते. ते लिनक्स कर्नेलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) २.६.३३ या आवृत्तीपासून समाविष्ट आहे.

येथे एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. लन दोन नोडांना दिसतो म्हणून ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस दोन्हीकडे एकदम माउंट करता येत नाही. तांत्रिकदृष्ट्या आज्ञा यशस्वी होऊ शकते आणि हाच खरा धोका आहे. प्रत्येक नोडचे कर्नेल कोणते ब्लॉक मोकळे आहेत याची नोंद स्वतःच्या मेमरीत ठेवते आणि दुसऱ्या कर्नेलने त्यात काय बदल केले हे त्याला कळण्याचा मार्गच नसतो. मग दोन्ही नोड एकच मोकळा ब्लॉक दोन वेगळ्या फायलींना देतात. काही तास सर्व सुरळीत दिसते आणि नंतर फाइल सिस्टिम दुरुस्तीपलीकडे गेलेली आढळते. केवळ वाचनासाठी केलेले दुसरे माउंटसुद्धा सुरक्षित नाही, कारण वाचणाऱ्या नोडच्या पायाखालून रचना बदलत असते.

एकाच लनवर सर्व नोडांनी एकदम लिहायचे असेल, तर त्यासाठीच बनवलेली क्लस्टर फाइल सिस्टिम लागते : लिनक्सवर जीएफएस२ किंवा ओसीएफएस२, व्हीएमवेअरमध्ये व्हीएमएफएस. जीएफएस२मध्ये प्रत्येक नोडचे स्वतंत्र जर्नल (बदलांची नोंदवही) असते आणि कोणत्या फाइलवर कोणाचा ताबा आहे हे वितरित लॉक व्यवस्थापक ठरवतो. दोन नोड एकाच डिरेक्टरीत सतत फायली बनवू लागले की त्या डिरेक्टरीचे लॉक त्यांच्यात फिरत राहते आणि प्रत्येक हस्तांतरापूर्वी आधीच्या नोडला आपल्या मेमरीतील बदल डिस्कवर उतरवावे लागतात. म्हणून नोड वाढवल्यावर वेग वाढण्याऐवजी कमी झालेलाही दिसतो. प्रत्येक नोडला शक्यतो स्वतःची उपडिरेक्टरी देणे हा त्यावरचा जुना आणि अजूनही सर्वांत परिणामकारक उपाय आहे. माझे मत स्पष्ट आहे : फाइल पातळीवर भागत असेल तर क्लस्टर फाइल सिस्टिमच्या वाटेला जाऊ नये.

विंडोज क्लस्टरमध्ये हे काम क्लस्टर शेअर्ड व्हॉल्यूम करते, जे विंडोज सर्व्हर २००८ आर२पासून उपलब्ध आहे. त्यात प्रत्येक व्हॉल्यूमचा एक समन्वयक नोड असतो. फायली बनवणे, नाव बदलणे अशी मेटाडेटाची (फायलींविषयीच्या माहितीची) कामे त्याच्यामार्फत होतात, तर प्रत्यक्ष डेटा प्रत्येक नोड थेट डिस्कवर लिहितो. त्यामुळे आभासी मशीनच्या मोठ्या फायलींसाठी ते उत्तम आहे. याच कारणाने त्यावर आधारित स्केल-आउट फाइल सर्व्हर (सर्व नोडांवरून एकदम फायली देणारा) कार्यालयीन दस्तऐवजांच्या असंख्य लहान फायलींसाठी वापरू नये. तेथे साधा फेलओव्हर (एक नोड पडल्यास दुसऱ्याने काम घेणारा) फाइल सर्व्हरच बरा.

आपल्या उदाहरणातील चढवलेल्या फायलींसाठी एनएफएस पुरेसे आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४मध्ये बनवलेला हा प्रोटोकॉल जुना असला तरी त्याचे वागणे सर्वज्ञात आहे, आणि साठवणीत अनपेक्षित काही न घडणे हा मोठा गुण आहे.

पायरी ३ : डिस्कपर्यंतचे मार्ग दुहेरी करावेत

प्रत्येक नोडपासून स्टोरेजपर्यंत दोन स्वतंत्र मार्ग असावेत : दोन कार्ड, दोन स्विच, स्टोरेजचे दोन कंट्रोलर. आयस्कझी (नेटवर्कवरून डिस्क जोडण्याचा प्रोटोकॉल) वापरत असाल तर त्याची वाहतूक वेगळ्या नेटवर्कवर ठेवावी. तिचे पोर्ट ३२६० आहे आणि ते वापरकर्त्यांच्या नेटवर्कवरून मुळीच दिसू नये. मोठ्या फ्रेम (नेटवर्कवरील डेटाची पाकिटे) वापरायच्या असल्यास एमटीयू (पाकिटाची कमाल बाइट-मर्यादा) ९००० ही सेटिंग नोड, स्विच आणि स्टोरेज या सर्वांवर एकदम असावी. खात्रीसाठी तुकडे न करण्याच्या पर्यायासह ८९७२ बाइटचा पिंग (संपर्क तपासणारा संदेश) पाठवून पाहावा. आयपी आणि आयसीएमपी या शीर्षकांचे २८ बाइट मिळून तो बरोबर ९००० होतो. एका जरी टप्प्यावर सेटिंग राहिली असेल, तर लहान पिंग जातात, लॉगिनही होते आणि मोठे लेखन सुरू होताच सर्व काही अडकते.

दोन मार्गांमुळे एकच लन दोन डिस्कांसारखा दिसतो. ते एकत्र करण्याचे काम मल्टिपाथ करते. कोणत्याही कॉन्फिगरेशनमध्ये 'एसडीबी', 'एसडीसी' अशी लिनक्सने डिस्कना दिलेली नावे लिहू नयेत, कारण ती प्रत्येक बूटला बदलू शकतात. लनच्या कायमस्वरूपी ओळख क्रमांकावर आधारित नावच वापरावे. सर्व मार्ग तुटले तर काय करायचे, ही सेटिंगही जाणीवपूर्वक ठरवावी. अनंत काळ वाट पाहण्याचा पर्याय ठेवला, तर डेटाबेस नुसता गोठून राहतो आणि ठरलेल्या मुदतीत क्लस्टरला अपयश कळत नाही. ठरावीक प्रयत्नांनंतर त्रुटी परत करणे क्लस्टरसाठी अधिक योग्य असते.

ज्या नोडला जो लन लागतो तोच त्याला दिसेल, असे मास्किंग स्टोरेजवर करावे.

पायरी ४ : कोरम आणि फेन्सिंग आधी, फाइल सिस्टिम नंतर

हा संपूर्ण कामाचा गाभा आहे आणि नेमका हाच भाग घाईत वगळला जातो.

नोडांमधील संपर्क तुटला, तर कोणत्या गटाने काम सुरू ठेवायचे हे मतांच्या बहुमताने, म्हणजेच कोरमने, ठरते. तीन नोडांत दोन मते लागतात, पाचात तीन. चार नोडांतही तीनच लागतात, म्हणजे चौथा नोड घेतल्याने अधिक नोड पडण्याची सहनशक्ती वाढत नाही. दोनच नोड असतील तर बहुमत या कल्पनेलाच अर्थ उरत नाही. कोरोसिंकमध्ये त्यासाठी खास सेटिंग आहे, पण त्यापेक्षा तिसऱ्या एखाद्या लहान मशीनवर केवळ मत देणारे कोरम उपकरण चालवणे अधिक सुरक्षित.

तरीही कोरम पुरेसा नाही. समजा नोड १वर डेटाबेस चालू आहे आणि तो काही कारणाने वीस सेकंद गोठला. नोड २ आणि ३ यांच्याकडे बहुमत आहे. त्यांनी नोड १ मेला असे मानून डिस्क माउंट केली आणि डेटाबेस सुरू केला. एकविसाव्या सेकंदाला नोड १ जागा होतो. मध्ये वेळ गेल्याचे त्याला ठाऊकच नाही. मेमरीत लिहायचे राहिलेले ब्लॉक तो निमूटपणे डिस्कवर लिहून टाकतो. या एका लेखनाने डेटाबेस खराब होतो. म्हणून संपर्क तुटलेला नोड 'मेला असावा' हे गृहीत धरून चालत नाही. तो मेला आहे याची खात्री करून घ्यावी लागते, म्हणजेच त्याची वीज बंद करावी लागते किंवा डिस्कवर लिहिण्याचा त्याचा अधिकार डिस्ककडूनच काढून घ्यावा लागतो. यालाच फेन्सिंग म्हणतात.

साधारण पद्धत अशी : प्रत्येक नोडच्या मदरबोर्डवरील व्यवस्थापन चिपला आयपीएमआय या दूरनियंत्रणाच्या प्रोटोकॉलद्वारे बंद करण्याची आज्ञा पाठवता येईल असे एक फेन्सिंग उपकरण पेसमेकरमध्ये नोंदवावे. यात एक खाच आहे. नोडचा वीजपुरवठाच पूर्ण तुटला तर ती चिपही बंद पडते, तिच्याकडून उत्तर येत नाही, आणि खात्री न मिळाल्याने पेसमेकर डेटाबेस दुसरीकडे सुरू करत नाही. त्याचे हे वागणे बरोबरच आहे. त्यामुळे दुसरी पातळी हवी : दूरस्थपणे बंद करता येणारी वीज वितरण पट्टी किंवा स्कझी-३ पर्सिस्टंट रिझर्व्हेशन, ज्यात उरलेले नोड स्टोरेजवरील त्या नोडची नोंदणीच पुसतात आणि स्टोरेज त्याचे लेखन नाकारते. विंडोज फेलओव्हर क्लस्टरही सामायिक डिस्कसाठी याच सुविधेवर अवलंबून असतो आणि म्हणून त्याची सुसंगतता चाचणी ती आवर्जून तपासते.

इंटरनेटवरील अनेक पाठांत 'फेन्सिंग तूर्त बंद ठेवा' अशी ओळ असते. सामायिक डिस्क असलेल्या क्लस्टरमध्ये ती ओळ कधीही पाळू नये. फेन्सिंग बसवल्यावर पीसीएस या पेसमेकर हाताळण्याच्या साधनाच्या आज्ञेने प्रत्येक नोड एकेकदा प्रत्यक्ष बंद करून पाहावा, आणि ही चाचणी यशस्वी झाल्याशिवाय पुढच्या पायरीकडे वळू नये.

पायरी ५ : डेटाबेसचा व्हॉल्यूम उभारावा

मल्टिपाथ डिस्कवर एलव्हीएमचा (लिनक्सच्या डिस्क-विभाग व्यवस्थापकाचा) व्हॉल्यूम गट बनवावा आणि त्याला सिस्टिम आयडी द्यावी, म्हणजे ज्या नोडची ती ओळख आहे तोच तो गट सक्रिय करू शकतो. बूटच्या वेळी हा गट आपोआप सक्रिय होणार नाही, अशी सेटिंग प्रत्येक नोडवर करावी. त्यावर एक्सएफएस बनवावी. मग सर्वांत महत्त्वाची खबरदारी : ही फाइल सिस्टिम कोणत्याही नोडच्या एफएसटॅबमध्ये (बूटच्या वेळी काय माउंट करायचे त्या यादीत) लिहू नये. रीबूट झालेला नोड एफएसटॅब वाचून क्लस्टरला न विचारता डिस्क माउंट करू शकतो, आणि तसे झाले तर आतापर्यंतची सर्व मेहनत वाया जाते.

पेसमेकरमध्ये चार संसाधने एका गटात, या क्रमाने ठेवावीत : व्हॉल्यूम गट सक्रिय करणे, फाइल सिस्टिम माउंट करणे, सेवेचा फिरता आयपी पत्ता आणि शेवटी डेटाबेस. बंद करताना क्रम आपोआप उलटा होतो. थांबण्याची कालमर्यादा उदारपणे ठेवावी. मोठ्या डेटाबेसला बंद होण्यास वेळ लागतो, आणि मर्यादा ओलांडली की थांबण्याची क्रिया अयशस्वी समजून क्लस्टर त्या नोडला फेन्स करतो. नियोजित देखभालीत विनाकारण नोड बंद पडण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

पायरी ६ : फायलींसाठी एनएफएस सेवा

चढवलेल्या फायलींसाठी वेगळा लन, वेगळा व्हॉल्यूम गट आणि पेसमेकरमधील वेगळा गट असावा. येथे क्रम थोडा बदलतो : फाइल सिस्टिम, मग एनएफएस सर्व्हर, मग एक्सपोर्ट (क्लायंटना खुली केलेली डिरेक्टरी) आणि आयपी पत्ता त्यांच्यानंतर. आयपी आधी आला, तर एक्सपोर्ट तयार नसताना क्लायंट येऊन धडकतात आणि त्यांना जुनाट फाइल हँडलच्या (सर्व्हरने दिलेल्या फाइल-ओळखीच्या) त्रुटी मिळतात. एनएफएसची स्थितीविषयक माहितीही त्याच सामायिक व्हॉल्यूमवर ठेवावी, म्हणजे नवीन नोडला कोणत्या क्लायंटकडे काय उघडे होते हे कळते. प्रत्येक एक्सपोर्टला ठरावीक एफएसआयडी (फाइल सिस्टिमचा ओळख क्रमांक) द्यावी, म्हणजे फाइल हँडल सर्व नोडांवर सारखे राहतील.

लिनक्सच्या एनएफएस सर्व्हरमध्ये लॉक परत मिळवण्यासाठीचा सवलतीचा काळ मूळ सेटिंगनुसार ९० सेकंदांचा असतो. फेलओव्हर काही सेकंदांत झाला, तरी त्या काळात नवीन लॉक आणि फायली उघडणे थांबू शकते. तो कमी करता येतो, परंतु अतिशय कमी केला तर हळू क्लायंट आपले लॉक गमावतात.

क्लायंट बाजूला माउंट 'हार्ड' असावे. 'सॉफ्ट' माउंट ठरावीक प्रयत्नांनंतर ॲप्लिकेशनला त्रुटी परत करते. आणि ज्या ॲप्लिकेशनांनी लेखनाची त्रुटी तपासलेली नसते, ती अर्धवट फाइल पूर्ण समजून पुढे जातात. सर्व्हर येईपर्यंत अडकून राहणे त्रासदायक असले, तरी गुपचूप डेटा गमावण्यापेक्षा ते कितीतरी बरे. हे माउंट एफएसटॅबमध्ये लिहायला हरकत नाही, मात्र नेटवर्क सुरू झाल्यावरच ते व्हावे असा पर्याय त्यात द्यावा.

एनएफएसचे वागणे स्थानिक डिस्कसारखे तंतोतंत नसते, हे ॲप्लिकेशन लिहिणाऱ्यांना सांगून ठेवावे. फाइल बंद केल्यानंतर जो क्लायंट ती नव्याने उघडतो, त्याला ताजा मजकूर मिळतो. पण फाइलचे गुणधर्म क्लायंट मूळ सेटिंगनुसार ३ ते ६० सेकंद स्वतःकडे साठवून ठेवू शकतो. दोन नोडांनी एकाच लॉग फाइलच्या शेवटी लिहिणे सुरक्षित नाही. प्रत्येकाने वेगळी फाइल लिहावी. नवीन फाइल आधी त्याच डिरेक्टरीत तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहून, बंद करून, मग नाव बदलावे. असे केले की इतर नोडांना अर्धवट फाइल कधीच दिसत नाही. लाखो फायली एका डिरेक्टरीत न टाकता नावाच्या हॅशवरून (नावापासून गणिताने काढलेल्या आकड्यावरून) दोन पातळ्यांच्या उपडिरेक्टऱ्यांत वाटाव्यात.

परवानग्यांच्या बाबतीत वापरकर्त्याचा अंकी क्रमांक सर्व नोडांवर सारखा असणे आवश्यक आहे, कारण साध्या एनएफएस प्रमाणीकरणात फाइलची मालकी आकड्यावर ठरते. याच प्रमाणीकरणात एका विनंतीबरोबर फक्त १६ गटांची यादी जाते. त्याहून अधिक गटांत असलेल्या वापरकर्त्याला अकारण प्रवेश नाकारला गेला, तर आधी हेच तपासावे. रूटचे (सर्वाधिकारी वापरकर्त्याचे) अधिकार आवळणारा पर्याय चालूच ठेवावा.

वितरित साठवण कधी घ्यावी

सॅन नसेल, क्षमता टप्प्याटप्प्याने वाढवायची असेल आणि एकच स्टोरेज पेटी अपयशाचा बिंदू ठरू नये असे वाटत असेल, तर सेफ विचारात घ्यावे. त्यात डेटा कोणत्या डिस्कवर जाईल हे मध्यवर्ती यादीऐवजी क्रश अल्गोरिदमच्या गणिताने ठरते. प्रतिकृती असलेल्या पूलमध्ये (साठवणीच्या विभागात) मूळ सेटिंगनुसार तीन प्रती असतात आणि किमान दोन उपलब्ध असल्याशिवाय लेखन स्वीकारले जात नाही. हा किमान आकडा एकवर आणण्याचा मोह आणीबाणीत होतो, पण त्या काळात लिहिलेला डेटा एकाच डिस्कच्या भरवशावर असतो.

क्षमतेचे गणित आधीच करावे. प्रत्येकी १२ टेराबाइटचे तीन सर्व्हर म्हणजे कच्चे ३६ टेराबाइट, तीन प्रतींनंतर १२. सेफ ८५ टक्क्यांना इशारा देते आणि ९५ टक्क्यांना लेखन थांबवते, म्हणून व्यवहारात सुमारे १० टेराबाइटच वापरात धरावेत. शिवाय प्रत्येक प्रत वेगळ्या सर्व्हरवर ठेवण्याचा नियम असताना तीनपैकी एक सर्व्हर गेला, तर तिसरी प्रत ठेवायला जागाच उरत नाही. चौथा सर्व्हर असेल तर यंत्रणा स्वतःला सावरू शकते. ग्लस्टरमध्ये दोनच प्रती ठेवल्यास दोन्ही बाजूंनी वेगवेगळे बदल होऊन विसंगती उद्भवू शकते. तिसरी पूर्ण प्रत परवडत नसेल तर केवळ मेटाडेटा ठेवणारा लवाद तरी घ्यावा. हजारो प्रोसेसर एकाच मोठ्या फाइलवर तुटून पडतात अशा संगणनासाठी लस्टर ही फाइल सिस्टिम आहे. वेब ॲप्लिकेशनसाठी त्याचा विचारही करू नये.

पायरी ७ : मुद्दाम बिघाड घडवून पाहावा

सेवा खुली करण्यापूर्वी, सतत लेखन चालू असताना, पुढील प्रसंग घडवावेत : डिस्कचा एक मार्ग तोडणे, दोन्ही मार्ग तोडणे, क्लस्टर संपर्काची केबल काढणे, वीज एकदम बंद करणे आणि डेटाबेसची प्रक्रिया नुसती गोठवणे. प्रत्येक वेळी किती सेकंद सेवा थांबली आणि शेवटचा यशस्वी म्हणून कळवलेला व्यवहार नंतर सापडला का, हे लिहून ठेवावे. दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि लोक पहिलाच मोजतात.

येथेच बॅकअपही तपासावा. प्रतिकृती म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून दिलेली पुसण्याची आज्ञा तिन्ही प्रतींवर तितक्याच तत्परतेने पोहोचते. स्नॅपशॉट (डेटाची त्या त्या क्षणाची टिपलेली स्थिती) उपयोगी आहेत, पण ते त्याच स्टोरेजवर असतात. म्हणून एक प्रत क्लस्टरबाहेर, क्लस्टरच्या कोणत्याही पासवर्डने पुसता येणार नाही अशा ठिकाणी असावी आणि ती एका स्वतंत्र मशीनवर ठरावीक काळाने परत उतरवून पाहावी.

देखभाल आणि नोड काढणे

अद्ययावतीकरण करताना एका वेळी एकच नोड स्टँडबायमध्ये (सेवा न चालवण्याच्या स्थितीत) न्यावा आणि तो परत आल्यावर प्रती पूर्ण जुळेपर्यंत पुढच्या नोडला हात लावू नये. सर्व नोडांची घड्याळे क्रोनी या वेळ जुळवणाऱ्या प्रोग्रामने जुळवलेली असावीत, नाहीतर लॉगमधील घटनांचा क्रम लावताच येत नाही.

नोड कायमचा काढताना आधी त्याच्यावरील सेवा हलवाव्यात, मग तो क्लस्टरच्या सदस्य यादीतून काढावा आणि तो नोड दुसऱ्या कामासाठी कोणाकडे सोपवण्यापूर्वी स्टोरेजच्या मास्किंगमधून त्याचे नाव पुसावे. हे शेवटचे काम 'नंतर करू' म्हणून राहते. मग कोणीतरी त्या मशीनवर नवीन ऑपरेटिंग सिस्टिम बसवायला घेते, इन्स्टॉलरच्या यादीत स्थानिक डिस्कच्या शेजारी डेटाबेसचा लनही दिसतो, आणि सर्व डिस्का वापरण्याचा पर्याय निवडला की कोरम, लॉक आणि फेन्सिंग यांपैकी काहीही आड येत नाही, कारण तो नोड आता क्लस्टरचा सदस्यच नसतो.